कुरडया वाळेपर्यंत गाडी हलणार नाही

...आणि वर विचारतात, "शॉक लागतो का हो?" अहो, गाडी आहे ती, बाथरूममधला गिझर नाही! पण नाही, मुलुंड पूर्वेला मिठागर रोडपासून स्टेशनपर्यंत कुणीही मला थांबवावं आणि तीन प्रश्न विचारावेत असा बहुतेक सरकारनं नियमच काढलाय. पहिला, कितीला पडली? दुसरा, एका चार्जमध्ये किती जाते? आणि तिसरा हा शॉकचा. पहिल्या प्रश्नाला मी लाजतो. तिसऱ्याला 'नाही लागत' म्हणतो. दुसऱ्याला काय सांगू? जाऊ शकते चारशे ऐंशी किलोमीटर. डोंगरावरून, दगडांतून, कंबरभर पाण्यातून. आणि गेलीय कुठे? पिठाच्या गिरणीत! दळण घेऊन!

तुम्हाला सांगतो, माझंच चुकलं. मी धम्मपाल. घरी धम्मा. एसी दुरुस्तीचं काम करतो, आता हाताखाली सहा जण आहेत, बरं चाललंय. शाळा नववीत सोडली. का सोडली विचारलं की मी म्हणतो, घरची परिस्थिती. लोक मान हलवतात. खरं कारण तोंडी परीक्षा. लेखीला मी पास व्हायचो हो! तोंडीला उभं केलं की संपलं. बाईंनी विचारलं, "भारताची राजधानी कुठली?" मला येत होतं. दिल्ली काय अवघड आहे? पण बाई माझ्याकडे बघत होत्या ना! आता एवढ्या जवळून कुणी बघत असताना माणूस दिल्ली कशी काय सांगणार?

तुम्ही म्हणाल, मग आत्ता कसा घडाघडा बोलतोयस? तुम्ही ओळखीचे नाही ना, म्हणून. ओळखीच्या माणसानं समोर येऊन काही मागितलं की माझ्या तोंडातून एकच शब्द निघतो. "धम्मा, रविवारी आमचा एसी बघशील?" चालेल. "धम्मा, जरा फ्रीज खाली उतरवायला हात लाव." चालेल. "धम्मा, तू वर्गणी गोळा कर, तुला कोणी नाही म्हणत नाही." कोणी नाही म्हणत नाही कारण मी मागतच नाही, दारापर्यंत जाऊन परत येतो... पण तेव्हा मी काय म्हटलं? चालेल!

तर अशा माणसानं ही गाडी का घेतली? जाहिरात बघून. एक माणूस, एक डोंगर, एक ट्रक. इलेक्ट्रिक ॲडव्हेंचर ट्रक. पुढे पाच माणसांची केबिन, मागे हौदा, हौद्यावर सरकतं झाकण. तो माणूस कड्यावर ट्रक लावतो, ट्रकच्याच प्लगवर चहा करतो आणि बघत बसतो. पूर्ण जाहिरातीत त्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नाही! मला दुसरं काही नको होतं हो. बाकीच्यांना त्यात मोटर दिसली, चाकं दिसली. मला शांतता दिसली. म्हटलं, ही घ्यायची आणि मालशेजला जायचं. तेही मे महिन्यात, कारण पावसाळ्यात तिथे सगळी मुंबई असते आणि मे महिन्यात काळं कुत्रं नसतं. कंपनीचं नाव नाही सांगत, कंपनीची काही चूक नाही. कंपनीला काय माहीत आमची सोसायटी!

गाडी आली. लांबी साडेपाच मीटर. आमच्या सोसायटीतला पार्किंगचा चौकोन साडेचार मीटर. आता? सेक्रेटरी मार्तंडराव टेप घेऊन खाली आले. पुढून मोजलं, मागून मोजलं, चष्मा काढून मोजलं. गाडी काही कमी होईना. म्हणाले, "हे बघ धम्मपाल, मागचा एक मीटर हा सोसायटीच्या सामायिक जागेत येतो. म्हणजे तो भाग तुझा असला तरी सामायिक." मी काय म्हटलं? चालेल! तिथे मी मेलो. कारण तो मागचा भाग छपराबाहेर, उन्हात. आणि आमच्या दोन बिल्डिंगांच्या मधे सकाळी आठ ते चार जिथे सलग ऊन येतं अशी सगळ्या सोसायटीत एकच जागा आहे. ती. लक्षात ठेवू नका, मीच सांगतो पुढे.

पहिल्या आठवड्यात मी पुढचं बॉनेट उघडलं. इलेक्ट्रिक गाडीला पुढे इंजिन नसतं, तिथे मोठी डिक्की असते. वॉचमननं बघितलं आणि शिट्टीच मारली. "धम्मा सेठ! इंजन चोरी हो गया!" पाच मिनिटांत तीस माणसं. मार्तंडराव सीसीटीव्ही बघायला धावले. मी सांगतोय की इंजिन नव्हतंच, पण मी सांगतो ते माझ्याच कॉलरपर्यंत पोचतं, पुढे जात नाही. शेवटी आई खाली आली, तिनं त्या रिकाम्या डिक्कीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "थंड आहे रे. कांदे-बटाटे छान राहतील." तेव्हापासून चार माणसांच्या कुटुंबाला वर्षभर पुरतील इतके कांदे माझ्या ॲडव्हेंचरच्या पुढच्या भागात आहेत. आम्ही दोघंच आहोत घरात!

आणि आवाज. गाडीला आवाज नाही, म्हणून हळू चालताना लोकांना कळावं यासाठी कंपनीनं एक बारीक सूर बसवलाय, हूंऊंऊं असा. तळमजल्यावरचे काशीरामकाका, मिलमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, त्यांना तो सूर रोज सकाळी नऊला ऐकू यायचा. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोनदा! डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहे. काका म्हणाले, मग डोक्यात असेल. महिनाभर शवासन करत होते बिचारे. एक दिवस मी सुट्टीवर होतो, गाडी निघाली नाही, सूर आला नाही, तर काकांनी पेढे वाटले.

चार्जिंगचं तर विचारूच नका. सोसायटीत चार्जर बसवायची परवानगी मिळायला पाच महिने गेले, तोवर मी मॉलच्या पार्किंगमध्ये चार्ज करायचो. दीड-दोन तास. गाडीत बसलो की वॉचमन येऊन तीन प्रश्न विचारणार, म्हणून मी वर जायचो, आणि वर कपड्यांच्या दुकानातली मुलगी दारातच, "सर, एकदा ट्राय करून बघा ना!" चालेल. बॅटरी भरायची आणि माझ्या हातात एक शर्ट असायचा. गाडी आठवड्यातून एकदा चार्ज होते. कपाट बंद होत नाही आता.

आणि आमचे ट्रॅफिकवाले! चेकनाक्यावर एकानं हात केला. "ए टेम्पो, बाजूला घे." म्हटलं, साहेब, टेम्पो नाही. "मागं हौदा आहे?" आहे. "हौद्यात सामान ठेवतो?" ठेवतो. "मग विमान आहे का ते?" आता ह्याला काय उत्तर? मी म्हटलं... बरोबर ओळखलंत. तेच म्हटलं. आणि टेम्पोच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, माझ्या पुढे कोथिंबीर, मागे गाद्या.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझी खरी वाट लावली ती कुरडयांनी.

त्याचं असं झालं. आमच्या टेरेसला कुलूप. वॉटरप्रूफिंग केलंय, पाय ठेवायचा नाही, चावी मार्तंडरावांकडे. मे महिना आला, बायकांना वाळवणं घालायला जागा नाही. आणि एक दिवस काशीरामकाकांच्या मालनकाकू माझ्या गाडीजवळ उभ्या राहिल्या. हौद्यावरच्या झाकणावरून हात फिरवला. चटका बसला. चेहरा असा काही उजळला की माझी आई मला बघून कधी तशी उजळली नाही. म्हणाल्या, "काय रे झिला, ह्या झाकणार जरा पापड घालू?" एक ताट हो. एकच ताट! चालेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी चार ताटं. तिसऱ्या दिवशी बी विंगची सांडगी मिरची. आमची आई मूळची जालन्याकडची, तिनं कोकणातल्या सगळ्या बायकांना कुरडया शिकवल्या, आणि त्यांनी तिला माझ्याच गाडीवर आंब्याचं साठ शिकवलं. आठवड्यात झाकण भरलं, मग मला गाडी पूर्ण छपराबाहेर उन्हात घ्यायला लावली, छत भरलं, बॉनेट भरलं. आरशांवर लसणाच्या माळा! मी सकाळी कामाला जायला चावी घेऊन खाली आलो की सगळ्या जणी माझ्याकडे अशा बघायच्या, जसा मी एखाद्याचं घर पाडायला आलोय. "जातोस? नाही, जा ना. आम्ही काय, उचलतो..." आणि उचलायच्या नाहीत. मी रिक्षानं कामाला जायचो. खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन! दारात गाडी, आणि मालक रिक्षात.

आता ह्यात सपना कुठून आली? सांगतो.

घाटकोपरला मुलगी बघायला गेलो होतो, एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं, आईला न सांगता. सपना. बीएस्सी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिच्या घरी मी एक वाक्य बोललो. "एसीचा आवाज येतोय." तिचे वडील म्हणाले, हो ना, चार दिवस झाले. मग काय, मी उठलो, स्टुलावर चढलो, जाळी काढली, बाथरूममध्ये धुतली, बसवली. तोपर्यंत पोहे गार. वडील खूश. तिची आई म्हणे खूश. सपना मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "ऐक. मी दिवसभर लोकांचं रक्त काढते. सुई बघितली की लोक घाबरून बडबडायला लागतात. पहिलं प्रेम सांगतात, भावानं जमीन लाटली ते सांगतात. तू पहिला माणूस भेटलास जो माझ्यासमोर घाबरला आणि गप्प बसला. तू चांगला आहेस की नुसताच गप्प आहेस, मला कळत नाहीये."

मी रिक्षाचं मीटर वाचत राहिलो.

म्हणाली, "पुण्याचं एक स्थळ आलंय. इंजिनिअर आहे. खूप बोलतो. बाबांनी त्यांना रविवारी संध्याकाळी सातला फोन करून हो-नाही कळवायचं कबूल केलंय. त्याच्या आधी एकदा आपण कुठेतरी जाऊ. फक्त दोघं. तू बोल. काहीही बोल. नाही बोललास तर मी समजून जाईन." मी महत्प्रयासानं म्हटलं, मालशेज. म्हणाली, "रविवारी सकाळी साडेसातला मीच येते मुलुंडला. आमच्या गल्लीत तुझी गाडी शिरणार नाही."

तुम्हाला सांगतो, त्या आठवड्यात मी अभ्यास केला. नववीनंतर पहिल्यांदा. कागदावर एकवीस विषय लिहिले. एक, हवामान. दोन, लॅबचं काम. तीन, आवडती भाजी. प्रत्येक विषयाखाली दोन-दोन पोटप्रश्न. गाडी फुल चार्ज. टायरमध्ये हवा. आईला काय सांगितलं? मित्राबरोबर जातोय. का? कारण आई 'कोण मुलगी, कधी, कशी' विचारणार आणि माझी तोंडी परीक्षा सुरू! राहिलं एकच काम. मालनकाकूंना सांगायचं, उद्या गाडी हवीये.

शनिवारी मी तीनदा गेलो. पहिल्यांदा बेल वाजवली, काकूंनी दार उघडलं, "ये झिला, बस," आणि हातात घावणे. तोंड भरलेलं असताना कसं सांगणार? परत आलो. दुसऱ्यांदा गेलो, घरात रुखवताचा पसारा. त्यांच्या श्वेताचं लग्न गुरुवारी. हे मला माहीत होतं, पण विसरलो होतो, स्वतःच्याच नादात. तिसऱ्यांदा गेलो. ठरवून. दारातच म्हटलं, "काकू, उद्या गाडी..." काकू म्हणाल्या, "व्हय रे, ताच सांगूक येय होतंय! गहू तीन दिस भिजत घातलेत, उद्या पहाटे चीक शिजवतंय. रुखवताच्यो कुरडयो. पाच रंगांच्यो. तुझ्याच गाडयेर घालतंय, दिसभराचा ऊन मिळाक होया. चलात मा?"

आता बघा. समोर म्हातारी. मुलीचं लग्न. तीन दिवस भिजलेला गहू, जो उद्या नाही शिजवला तर आंबणार. आणि इकडे माझं सगळं आयुष्य. कोण काय बोलेल अशा वेळी? तुम्ही काय बोलला असता? मी म्हटलं,

"चालेल."

रविवारी सात वाजता खाली उतरलो. अंगात नवा शर्ट, खिशात एकवीस विषय. आणि बघतो तर... गाडी दिसतच नव्हती हो! झाकणावर प्लास्टिक, छतावर प्लास्टिक, बॉनेटवर प्लास्टिक, आणि त्यावर कुरडया. लाल, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या आणि एक जांभळा रंग, जो कुठल्याच धान्याचा नसतो. माझी सख्खी आई सोऱ्या दाबतेय, काकू पातेल्यातला गरम चीक ढवळतायत, काशीरामकाका खुर्ची टाकून काठी घेऊन कावळ्यांवर पहारा देतायत. आई मला बघून म्हणते कशी, "मित्र आला का रे? रिक्षानं जा."

साडेसातला पाच मिनिटं कमी. म्हटलं धम्मा, आज नाही तर कधीच नाही. तो पुण्याचा इंजिनिअर आत्ता उठला असेल, उठल्या उठल्या बोलायला लागला असेल! मी श्वास घेतला. आणि मी बोललो. पण सवय नाही ना, आवाज किती सोडायचा याचा अंदाजच नाही. जो आवाज निघाला तो थेट सातव्या मजल्यावर.

"गाडी हलणार!"

सगळं थांबलं. सोऱ्यातून निघणारी कुरडई अर्ध्यावर लोंबकळत राहिली. खिडक्या उघडल्या. मार्तंडराव ब्रश तोंडात घेऊन गॅलरीत आले. काकू म्हणाल्या, "खंय?"

"मालशेजला!"

"कित्याक?"

"मुलीबरोबर!"

तुम्हाला सांगतो, एवढी शांतता त्या जाहिरातीतसुद्धा नव्हती. आईच्या हातातून सोऱ्या निसटला. काशीरामकाका हळूच म्हणाले, "मालन, हेच्या डोक्यात पण काय तरी वाजता बहुतेक." आणि मी तसाच उभा. म्हटलं, बोलून टाकलं. आयुष्यात एकदा नाही म्हटलं. आता प्लास्टिकला हात घालतो आणि...

"अरे, काय करतोयस!"

मागून आवाज. सपना. पाच मिनिटं लवकर आलेली. पाठीला सॅक, पायात बूट, डोळे माझ्या हाताकडे. "ओल्या कुरडया आहेत त्या! आत्ता ओढल्या तर गोळा होईल सगळ्याचा. अक्कल आहे का?"

बघा म्हणजे. पंचवीस वर्षांत एकदा मी कोणाला तरी नाही म्हटलं. ज्या मुलीसाठी म्हटलं, तीच समोरच्या पार्टीत! सॅक खाली ठेवली, बाह्या वर केल्या, काकूंना विचारलं, "कोणाचं लग्न, काकू?" काकूंनी सगळं सांगितलं. हिनं आईच्या पायाजवळचा सोऱ्या उचलला, धुतला, भरला आणि दाबायला लागली. आई माझ्याकडे बघतेय, हिच्याकडे बघतेय, परत माझ्याकडे. आईचा चेहरा... जाऊ दे. मग सपनानं वर बघून विचारलं, "पण तुम्हाला टेरेस नाहीये का?" सगळ्या बायकांनी एकदम गॅलरीत मार्तंडरावांकडे बघितलं. मार्तंडरावांना फोन आला. ब्रश कानाला लावून आत गेले.

नऊ वाजता कुरडया घालून झाल्या. चारपर्यंत वाळणार. चारला निघून मालशेज काही होत नाही. सपना हात पुसत म्हणाली, "बरं. फक्त दोघं म्हटलं होतं ना? मग बसू गाडीत. एसी चालतो ना बंद गाडीत?" आता एसीचं विचारलं म्हणजे... म्हटलं, चालतो, दोन दिवस चालेल.

दार हळूच उघडून आत बसलो. समोरच्या काचेतून डोंगर दिसायला हवे होते. बॉनेटवरच्या कुरडया दिसत होत्या. जवळून बघितलं तर घाटासारख्याच वळणावळणाच्या असतात हो. डाव्या काचेला बी विंगची चार पोरं नाक लावून. उजव्या काचेवर टकटक. शेजारचे गृहस्थ. मी काच खाली केली. मला ओलांडून त्यांनी सपनाला विचारलं, "ताई, शॉक लागतो का हो?" सपना म्हणाली, "प्रश्न विचारणाऱ्याला लागतो." काच वर.

मी खिशातून कागद काढला. विषय एक. "आज हवामान..." तिनं कागद ओढून घेतला. एकवीसच्या एकवीस विषय वाचले, पोटप्रश्नांसकट. घडी घातली, सॅकमध्ये टाकला. "हे झालं सगळं. मेथी आवडते, लॅब बरी चाललीय, गरम होतंय. आता बोल."

आता काय बोलू? अभ्यासक्रमच गेला! पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाहेर काका कावळ्यावर काठी आपटतायत. ती माझ्याकडे बघत नव्हती, हे एक बरं होतं. समोर कुरडयांकडे बघत होती. आणि समोर बघता बघता माझ्या तोंडून निघालं, "भारताची राजधानी दिल्ली."

"काय?"

मग मी सांगितलं. ती तोंडी परीक्षा सांगितली. बाई सांगितल्या. बाबा गेले तेव्हा आलेल्या माणसांशी बोलायला नको म्हणून मी दिवसभर शेजारच्यांचा पंखा दुरुस्त करत बसलो होतो, ते सांगितलं. हे मी आजवर आईला नव्हतं सांगितलं. कंप्रेसरचा आवाज ऐकून मला त्यात काय बिघडलंय ते कळतं, माणसाच्या आवाजावरून काहीच कळत नाही, ते सांगितलं. जाहिरातीतला तो कड्यावरचा माणूस सांगितला. म्हटलं, त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं म्हणून मी ही गाडी घेतली. सपना म्हणाली, "मग मी कशाला मधे?" म्हटलं, तो माणूस चहा करतो ना, तो दोन कप काढतो. दुसऱ्या कपाचं जाहिरातीत पुढे काहीच होत नाही. मी ती पन्नास वेळा बघितली, दर वेळी मला वाटतं, तो दुसरा कप कोणाचा असेल?

आता ती गप्प! मला घाम फुटला, एसी अठरावर असताना.

दुपारी आईनं काचेतून दोन ताटं आत दिली. आईनं काही विचारलं नाही, फक्त सपनाच्या ताटात जास्त वाढलेलं होतं. तीनला काशीरामकाका येऊन म्हणाले, "मी हाय हय. तुम्ही बोला. माका काय ऐकाक येत नाय." आणि काचेला कान लावून उभे राहिले. चारला कुरडया सुटल्या, कडकडीत, पाचही रंगांच्या. एकही तुटली नाही. काकूंनी सपनाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बायका परड्या घेऊन वर गेल्या. गाडी मोकळी. पोरं खेळायला गेली. आणि साडेसहाला तिचा फोन वाजला. वडील.

तिनं ऐकलं. फोनवर हात ठेवला. माझ्याकडे वळली, आणि आता मात्र थेट बघत, इतक्या जवळून, म्हणाली, "बाबा विचारतायत, पुण्याला हो कळवू का?"

आयुष्यभर ओळखीच्या माणसानं काहीही विचारलं तर माझं तोंड काय करतं ते तुम्हाला माहितीये. मी काही करायच्या आत ते करतं! जीभ टाळूला लागली होती हो. 'चा' बाहेर पडला होता. माझ्या कानांनी ऐकला मी तो 'चा'! सपनानंही ऐकला. तिचा चेहरा उतरायला लागला... मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. खरंच दाबलं. श्वास घेतला. हात काढले. आणि म्हटलं, "नको. त्यांना नाही कळवा. मला चालणार नाही."

तिनं फोन कानाला लावला. "बाबा, नाही सांगा," म्हणाली. "आणि ऐका, मला यायला उशीर होईल. हा बोलायला लागलाय."

लग्न झालं डिसेंबरमध्ये. विहारात, साधंच. आता तुम्हाला वाटेल, झकास, मग गेलात की नाही मालशेजला? गेलो ना. ह्याच मे महिन्यात, दोन दिवस सुट्टी काढून. पण काय आहे, सपनानं आल्यापासून सोसायटीच्या वाळवणाचं वेळापत्रकच बनवलंय. सोमवार ए विंग, मंगळवार बी विंग, बुधवार मिरच्या. आणि आमच्या सुट्टीच्या दिवशी गाडीवर नेमकं साबुदाण्याच्या पापड्यांचं बुकिंग. म्हटलं, अगं, गाडी आपली आहे. म्हणाली, "दिलेला वार कसा मोडायचा?" मी नको म्हणायला तोंड उघडलं. आता येतं मला. पण बायकोला नाही म्हणायचं म्हणजे पुढची इयत्ता आहे, तिथवर मी अजून पोचलेलो नाही.

कल्याणहून आळेफाट्याच्या एस.टी.नं गेलो. घाटात उतरलो. कड्यावर उभे राहिलो दोघं. मे महिना, ऊन रखरखीत, खाली दरी, कोणी म्हणजे कोणी नाही. आयुष्यभर हवी होती ती शांतता... आणि खिशात फोन वाजला. मालनकाकू! "झिला, माका जरा डुलकी लागली आणि कावळे इले रे गाडयेर! काय तरी कर!" सपनानं माझ्या हातातून फोन घेतला, गाडीचं ॲप उघडलं, त्यात लांबून हॉर्न वाजवायचं बटण आहे म्हणे, मला वर्षभरात दिसलं नव्हतं. दाबलं. तुम्हाला सांगतो, मालशेजच्या कड्यावर उभं राहून आम्ही मुलुंडचे कावळे हाकलले!

परत फोन. काकू.

"सगळे गेले रे, एकच ऱ्हवलो. जरा मोठ्यान वाजय, ह्यो बहिरो आसा."

वाजवला. काय करणार...